नावाचे धड आणि नावाचे शेपूट

दलित आत्मकथनांवर गेल्या चार-पाच दशकांत पुष्कळ लिहिले गेले. त्यांतली भाषा, भूक, विटाळ, गावकीची कामे, शाळेतला कोपरा यांची चर्चा झाली. पण या पुस्तकांतल्या माणसांच्या नावांपाशी आपली समीक्षा फारशी थांबलेली नाही. थांबली तेव्हा एकाच रीतीने थांबली. कचरू, धोंडी, दगडू, उकिर्डा, भिकू अशी नावे आली की समीक्षक मनुस्मृतीचा दुसरा अध्याय उघडतो, शूद्राचे नाव किळस येईल असे ठेवावे ही आज्ञा दाखवतो, व्यवस्थेने आमची नावेसुद्धा नासवली असे म्हणतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मीही असे लिहिलेले आहे आणि सभांतून बोललेलो आहे. टाळ्या हमखास मिळतात. पण हे विवेचन अपुरे आहे, आणि काही ठिकाणी तर चुकीचे आहे, असे मला आता वाटू लागले आहे. ते का, हे सांगायचे तर माझ्या आज्याच्या नावापासून सुरुवात करावी लागेल.

माझ्या लग्नाची पत्रिका १९८३ साली छापली. तीत वडिलांनी आज्याचे नाव ‘कालकथित काशिनाथ’ असे घातले. त्याआधी हे नाव घरात मी कधी ऐकलेले नव्हते. आज्याला सारे गाव एकाच नावाने ओळखत होते आणि ते काशिनाथ नव्हते. पण मीही तेव्हा शिकलेला होतो, नोकरीला होतो, पत्रिका कचेरीतल्या साहेबांना द्यायची होती. मी वडिलांना काही विचारले नाही. उलट बरे वाटले. ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवतो, कारण या लेखात मी ज्यांना दोष देणार आहे त्यांत माझा नंबर पहिला आहे.

पुढे चुलतभावाच्या नातवाच्या जात पडताळणीच्या वेळी हे काशिनाथ आमच्या अंगावर आले. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागते. पोराने लग्नपत्रिका समोर ठेवून वंशावळ लिहिली : खापरपणजोबा काशिनाथ. पुरावा म्हणून जोडली तहसिलातून काढलेली गाव नमुना नंबर चौदाची, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्याची नक्कल. जन्माची नोंद, मोडीत. बापाच्या रकान्यात ‘कचऱ्या’, जातीच्या रकान्यात ‘महार’ आणि ज्याचा जन्म झाला त्याच्या नावी नुसते ‘मुलगा’. नाव नाही, कारण बारसे व्हायचे होते. समितीने विचारले, हा कचऱ्या तुमचा कोण? प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला आम्हाला कित्येक महिने लागले. एका तांत्रिक हरकतीत पोराचा प्रवेश जायची वेळ आली, तेव्हा माझे चुलतभाऊ म्हणाले, “आपल्या बापजाद्यांनी असली नावं ठेवलीच कशाला?”

खरा प्रश्न हाच आहे. आणि त्याचे मनूचे नाव घेऊन दिलेले उत्तर मला पुरत नाही.

मनूने काय सांगितले ते आधी नीट पाहू. दुसऱ्या अध्यायातल्या ३१ व्या श्लोकात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे जुगुप्सित असावे असे आहे. आपण येथेच थांबतो. ३२ वा श्लोक सहसा कोणी वाचत नाही. त्यात नावाला पुढे काय जोडायचे ते सांगितले आहे : ब्राह्मणाला शर्म, क्षत्रियाला रक्षण, वैश्याला पुष्टी आणि शूद्राला चाकरी सुचवणारे पद. म्हणजे मनूने नावाचे दोन भाग केले, एक धड आणि एक शेपूट. (या चौकटीबाहेर टाकलेल्या आमच्यासारख्यांच्या नावाची तर त्याने काळजीही केली नाही, ती त्याच्या वारसांनी केली.) २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला तेव्हा हे दोन्ही श्लोक जळाले. पण आपली समीक्षा अजून पहिल्याच श्लोकाशी झगडते आहे. दुसरा श्लोक जाळूनही जळलेला नाही, आणि आमच्या आज्याचा सगळा इतिहास त्या दुसऱ्या श्लोकात आहे.

धडाचे आधी बोलू. कचरू हे नाव आज्याला पाटलाने दिले नाही, भटाने दिले नाही. त्याच्या आईने दिले. ज्या घरात मुले जगत नसत त्या घरात पुढच्या मुलाला टाकाऊ नाव ठेवायचे, म्हणजे मरणाची, सटवाईची, नजरेची दृष्ट त्याच्यावर पडत नाही, अशी समजूत होती. जन्मलेले मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवायचे आणि ‘सापडले’ म्हणून उचलून आणायचे, तो उकिर्डा. मूठभर कोंड्यावर शेजारणीला विकायचे आणि मग तिच्याकडून मागून घ्यायचे, तो कोंडीबा. पोराचे नाक टोचायचे, म्हणजे मुलगी समजून मरण माघारी जाईल, तो नथू. फकिराला नवस करून मागितलेला तो फकिरा. अण्णा भाऊ साठ्यांच्या १९५९ च्या कादंबरीने हे नाव मराठीत वीराचे नाव करून टाकले, पण मुळात ते मागून आणलेल्या पोराचे नाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात जन्मलेल्या हजार मुलांतली दोनशेहून अधिक पहिला वाढदिवस पाहत नसत. ही सरासरी सगळ्यांची. महारवाड्यातली काय असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. अशा वेळी आईच्या हातात औषध नव्हते, वैद्य नव्हता, देवळाची पायरी नव्हती. तिच्या हातात एक नाव होते.

आणि हे केवळ आपलेच नव्हे. धोंडो, दगडू, भिकाजी, केरोपंत, नथू ही नावे ब्राह्मणांच्या घरांतून, मराठ्यांच्या घरांतून, वाण्यांच्या घरांतून भरपूर सापडतात. धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, तेव्हा त्यांच्या नावात धोंडा आहे म्हणून कोणाला शरम वाटल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा ‘धोंडी’ हे नाव मनूने लादले असे म्हणणे म्हणजे एका आईच्या भीतीचे आणि मायेचे श्रेय मनूला देणे आहे. एवढे मोठे दान त्याला देण्याचे मला कारण दिसत नाही.

एक बारीकशी गोष्ट. अशी नावे नेहमी भीतीचीच असतात असेही नाही; पुष्कळदा ती साधी तारीख असते. अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जन्मलेला धोंडी झाला असेल, तर ज्याच्या जन्माची कोठेही नोंद नाही अशा माणसाचे जन्मवर्ष शोधायला तेवढा धागा पुरतो, कारण अधिक मास साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एकदाच येतो. फाल्गुनातला फागू, आषाढातला आखाडू, सोमवारचा सोमा, बुधवारचा बुधा. नागपूरकडचे किसन फागुजी बनसोडे (१८७९-१९४६) यांच्या वडिलांच्या नावात एक फाल्गुन बसलेला आहे की काय, असे मला नेहमी वाटते. ज्यांच्याकडे पंचांग नव्हते, पत्रिका नव्हत्या, त्यांनी नावातच पंचांग लिहून ठेवले. हे ज्याला वाचता येत नाही तो ‘काय ही नावे!’ म्हणतो. त्याला लाज वाटते, तरी मला त्याचा राग येत नाही. पण ही नावे बदलून तो वंशावळ लिहायला बसला तर मात्र येतो.

आता शेपटाकडे वळतो. ‘या’ हे ते शेपूट. कचऱ्या, धोंड्या, दगड्या, तुक्या, म्हाद्या. सखूची सखी, राहीबाईची राही आणि हाक मारताना ‘ए राहे’. आपण म्हणतो, ‘या’ हा तुच्छतेचा प्रत्यय आहे. पण मला माझी आई आजही ‘बाळ्या’ म्हणते. मी निवृत्त झालो आहे. माझे शाळेतले नाव, १९५७ साली जन्मलो म्हणून, बुद्धाशी नाते सांगणारे आहे. दीक्षेनंतरच्या त्या पहिल्या वर्षांत वस्तीत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा यांची रांग लागली होती. पण घरात मी बाळ्याच. त्या ‘या’त तुच्छता नाही. ब्राह्मणाची आईसुद्धा आपल्या पोराला ‘बंड्या’ म्हणते.

मग फरक कोठे पडतो? फरक असा, की बंड्या मुंजीनंतर बंडू होतो, नोकरीला लागला की बंडोपंत होतो, म्हातारपणी पंत होतो. त्याचे नाव त्याच्याबरोबर वयात येते. मराठ्याचा म्हाद्या मिशी फुटली की म्हादबा होतो, चावडीवर बसू लागला की महादेवराव होतो. कचऱ्या मात्र कचऱ्याच राहतो. त्याला मुले होतात, नातवंडे होतात, त्याचे केस पांढरे होतात, पाटलाचे दहा वर्षांचे पोर त्याला ‘ए कचऱ्या’ म्हणून हाक मारते आणि तो ‘जी धनी’ म्हणून उठतो. मी हे पाहिले आहे. गावाने त्याच्या नावाला वाढू दिले नाही. आईने अंगाखांद्यावर खेळवताना लावलेला लाडाचा ‘या’ गावाने उचलला आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या हातून दप्तरात घातला. बाप झाल्याची नोंद त्याच नावाने, मेल्याची नोंद त्याच नावाने. गावात कोणी मेले की वर्दी द्यायची महाराने. स्वतः महार मेला तरी वर्दी देणारा महारच. म्हणजे आपल्याच भावकीतला माणूस चावडीखाली उभा राहून ‘कचरूबाबा गेले’ असे सांगत असणार आणि ओसरीवरचा हात ‘कचऱ्या’ असे लिहीत असणार. वही आज आपल्या हाती आहे, वर्दी देणाऱ्याचा आवाज नाही. कुळाचा शोध घेणाऱ्याने निदान एवढे ध्यानात ठेवावे, की नोंदीतले नाव म्हणजे हाकेतले नाव नव्हे. हाका अनेक होत्या. दप्तराने त्यांतली एकच निवडली, आणि कोणती निवडली यात सगळी वर्णव्यवस्था उघडी पडते.

आपल्या लोकांचे स्वतःचे मानाचे शेपूट होते. ते म्हणजे ‘नाक’. बेदरच्या आख्यायिकेतला अमृतनाक, ज्याने बादशहाकडून बावन्न हक्कांची सनद आणली असे सांगतात. खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईतला शिदनाक. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला जो स्तंभ उभा राहिला, त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत २२ नावे ‘नाक’ने संपतात. हा ‘नाक’ नागावरून आला की नायकावरून, यावर विद्वान भांडतात, भांडोत. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की दगडावर ‘रामनाक’ कोरले गेले, ‘राम्या’ नाही. फौजेच्या हजेरीपटात माणूस स्वतःचे नाव स्वतः सांगत असणार आणि स्वतःच्या तोंडाने कोणी स्वतःला ‘राम्या’ म्हणत नाही. पुढे हा ‘नाक’ आम्हीच टाकून दिला, कारण तो उच्चारताच जात कळे. त्याच्या जागी जी, बा, राव आले. टाकला यात चूक झाली असे मी म्हणणार नाही. नोकरी मागायला, खोली भाड्याने घ्यायला निघालेल्या माणसाला इतिहासाचे ओझे परवडत नाही. बाबुराव बागुलांनी १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे नाव आपल्या पुस्तकाला दिले, तेव्हा त्या चोरीची किंमत चोरणाऱ्याला काय पडते हेही दाखवले होते.

साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी दाखल झालेल्या एका मुलाचे नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे आहे. आडनाव सकपाळांचे बदलून गावाच्या नावावरून आलेले, पण पहिले नाव मात्र घरातले. भिवाचा भीमराव झाला, भीमरावांचे बाबासाहेब झाले. कोणा पाटलाच्या परवानगीने नव्हे, लोकांनी ते नाव वाढवले. आणि हे आपल्याला कळते ते रजिस्टरात कोणी नंतर खाडाखोड केली नाही म्हणून. कल्पना करा, एखाद्या उत्साही भक्ताने ‘भिवा’ खोडून तेथे ‘भीमराव’ लिहिले असते, तर आपण काय गमावले असते!

नेमके तेच आपण आपल्या घरांत करत आहोत. अलीकडे आपल्या समाजात घराण्याचा इतिहास आणि वंशवृक्ष छापण्याची हौस वाढली आहे. हे चांगले लक्षण आहे. ज्यांना पूर्वज आहेत हेच कोणी मान्य केले नाही त्यांनी पूर्वज शोधावेत. पण माझ्या हाती आलेल्या पाच-सहा पुस्तिका वाचून मी खिन्न झालो. त्यांचा साचा ब्राह्मणी कुलवृत्तांताचा आहे. मूळ पुरुष, शाखा, पराक्रम, वर आरती नाही तेवढीच. आणि त्यांतले सगळे आजे-पणजे काशिनाथ, कृष्णराव, धर्माजी, दादासाहेब! एकही कचरू नाही. एकही उकिर्डा नाही. जणू आपल्या वाड्यांवर कधी कोणी मूल दगावलेच नाही. या पुस्तिका लिहिणाऱ्यांना ‘बलुतं’ तोंडपाठ आहे, ‘बलुतं’वर ते भाषण देतील, पण ‘बलुतं’कारांनी नावाशी काय केले ते त्यांनी घेतलेले नाही.

दया पवारांनी १९७८ च्या त्या पुस्तकात काय केले? त्यांचे नाव दगडू मारुती पवार. कवी म्हणून, नोकरदार म्हणून ते दया झाले. आत्मकथन लिहायला बसले तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. दगडूला गाडून दयाने स्वतःची कहाणी सांगायची, किंवा दया हे नाव टाकून देऊन दगडू म्हणून उभे राहायचे. त्यांनी दोन्ही सोडल्या. दगडू बोलतो आणि दया ऐकतो, अशी मांडणी केली. दगडू या नावाची शरम त्यांनी लपवली नाही, मनूचा उल्लेखही केला. या मांडणीबद्दल समीक्षकांनी दुभंगलेले व्यक्तिमत्त्व, परात्मता वगैरे शब्द वापरले. मला त्यात एक साधा हिशेबीपणाही दिसतो. ज्याने सोसले त्याचे नाव वेगळे आहे आणि ज्याला पुस्तकावर नाव छापता आले त्याचे वेगळे आहे. दोन्ही नोंदवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’त हेच आहे. मुखपृष्ठावर शांताबाई, आत नाजा. माहेरची पोर नाजा आणि पुढे मास्तरीण झालेली शांताबाई. पुरुषाचे नाव बदलले तर त्याला कारण विचारतात. बाईचे लग्नात बदलते, त्याला कोणी कारण विचारत नाही. म्हणून आपल्या वंशवृक्षांत आज्यांच्या खाली एकच नाव असते, तेही सासरचे, आणि माहेरचे नाव गाडीतच कोठेतरी पडून गेलेले असते. शरणकुमार लिंबाळ्यांनी ‘अक्करमाशी’त (१९८४) तर बापाच्या नावाची जागा हाच प्रश्न केला आहे. शाळेचा रकाना बापाचे नाव मागतो आणि पोराकडे सांगण्यासारखी फक्त आई असते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचे नाव घालण्याचा नियम केला. ‘अक्करमाशी’ला चाळीस वर्षे झाल्यावर रकाना एवढा सरकला.

येथे कोणी मला विचारील, म्हणजे नावे बदलूच नयेत असे तुमचे म्हणणे आहे काय? नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्याला २८५ मुलींनी आपले ‘नकुशी’ हे नाव टाकून नवे नाव घेतले. त्या सगळ्या आपल्या समाजाच्या नव्हत्या, जातीजातींच्या होत्या. ठीकच केले. नकुशी आणि कचरू ही नावे वरवर सारखी दिसतात, पण त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. कचरूच्या आईला कचरू हवा होता. तिने मरणाला खोटे सांगितले. नकुशीच्या बाबतीत घरच्यांनी मुलीला खरे सांगितले. जिवंत माणसाला आपले नाव टाकण्याचा हक्क आहे, आणि त्याने राजपत्रात तशी जाहिरात दिली तर तेथेसुद्धा जुने नाव आणि नवे नाव शेजारी-शेजारी छापतात. मेलेल्या माणसाला मात्र जाहिरात देता येत नाही. त्याचे नाव आपण बदलतो ते त्याच्यासाठी नव्हे, आपल्या पाहुण्यांसाठी.

पडताळणीत आम्हाला शेवटी ‘उर्फ’ने वाचवले. कचरू उर्फ कचऱ्या उर्फ काशिनाथ, असे प्रतिज्ञापत्र झाले. साहित्यिकांच्या नावातला उर्फ शोभेचा असतो. आमचा मुद्रांकावर होता, त्याला दोन साक्षीदार होते. पण कागदाने समितीची खात्री होण्यापूर्वी माझी स्वतःची खात्री वेगळ्याच पुराव्याने झाली. तो कोणत्याही समितीपुढे ठेवता येणार नाही.

माझी आजी उभ्या जन्मात ‘कचरा’ हा शब्द बोलली नाही. नवऱ्याचे नाव घेऊ नये हा दंडक. नावच काय, नावासारखा वाजणारा शब्दही घेऊ नये. म्हणून ती ‘केर’ म्हणायची. केर काढला, केर भरला, केर टाकून ये. आणि गंमत अशी की आमच्या शेजारणीच्या नवऱ्याचे नाव केरू. ती बिचारी ‘कचरा’ म्हणायची. एका गल्लीत समोरासमोर दोन दारे, एकीच्या अंगणात केर आणि दुसरीच्या अंगणात कचरा. पोरपणी मला वाटे, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कागदावर काशिनाथ लिहिलेल्या माणसाचे खरे नाव त्याच्या बायकोच्या न बोलण्यात साठ वर्षे जपून ठेवलेले होते. ‘काशी’ हा शब्द ती बिनदिक्कत बोलायची. आत्मकथनांतल्या म्हाताऱ्या बायकांची भाषा वाचताना समीक्षकाने त्या काय बोलतात एवढेच पाहू नये, काय टाळतात तेही पाहावे, असे मला वाटते ते यामुळे.

आईचे वय आता नव्वदीला टेकले आहे. सासऱ्याचेही नाव घ्यायचे नाही, म्हणून तीसुद्धा ‘केर’च म्हणते. देव तिने छप्पन साली सोडले, केर सोडला नाही. गेल्या उन्हाळ्यात वंशावळ नव्याने लिहून मी तिला वाचून दाखवली. आज्याच्या जागी मी ‘कचरू’ लिहिले होते, कंसात नोंदीतले कचऱ्या आणि पत्रिकेतले काशिनाथ. ती ऐकत राहिली. मग म्हणाली,

“आन् त्येंच्या आधीची?”

“आधीची कोण?”

“तीन गेली ना आधी. म्हणून तर ह्येंचं असलं नाव ठिवलं. आत्याबाई सांगायच्या. पहिल्यांची नावं चांगली व्हती म्हणं. लई चांगली व्हती, म्हणून गेली.”

मी पेन घेऊन बसलो. कोणती नावे, विचारले. तिला आठवेनात. आत्याबाईंनी सांगितली होती, पण त्याला आता साठ वर्षे झाली. एक देवाचे होते, एवढे तिला वाटते. मी कचरूच्या डावीकडे तीन रेघा ओढल्या आणि तिला दाखवल्या. तिने कागद डोळ्यांजवळ धरला.

“ह्यात पोरगी कोणती?” तिने विचारले. “दोन पोरं आन् एक पोरगी व्हती.”